बिब्बाही नॅचरलच की!

‘नॅचरल आहे गं, त्याने काय होतंय?’ स्किनकेअरच्या गप्पांमध्ये हे वाक्य हमखास येतं. पिंपलवर टी ट्री ऑइल, केसांच्या मुळांना रोझमेरी, उशीवर लॅव्हेंडर. रील बघायची, बाटली मागवायची आणि थेट लावून मोकळं व्हायचं! माझ्या एका मैत्रिणीनेही टी ट्रीचं हेच केलं. महिनाभर सगळं मस्त होतं. मग एका सकाळी गाल लालबुंद, पापण्या सुजलेल्या आणि हनुवटीवर पाणी भरलेले बारीक फोड. ‘पण मी तर महिनाभर वापरतेय,’ असं ती डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

खरी मेख याच वाक्यात आहे. ही अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी दिसत नाही. आपली प्रतिकारशक्ती आधी त्या रसायनाची ओळख करून घेते. त्याला कधी काही दिवस लागतात, कधी वर्षंही. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी दोन-तीन दिवसांत अंगावर उठतं आणि ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. म्हणून रीलमधली ‘२४ तासांची पॅच टेस्ट’ फसवी ठरू शकते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर लावलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी त्वचा पुन्हा तपासतात.

खरं तर हे आपल्याला नवीन नाही. दुखऱ्या सांध्याला बिब्बा लावला आणि तो उतला, असा किस्सा गावाकडे घरोघरी सापडेल. कोकणात काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांची टरफलातल्या तेलाने सालपटं निघतात. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले, आपला लाडका आंबाही त्यातलाच. सगळं शंभर टक्के नॅचरल!

मग आजीने जन्मभर डोक्यावर तेल थापलं, तिला कसं काही झालं नाही? घोळ इथेच आहे. ‘तेल’ या एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. खोबरेल किंवा तिळाचं तेल घाण्यावर निघतं, त्याची अ‍ॅलर्जी क्वचित. इसेन्शियल ऑइल म्हणजे कडक अर्क. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन-चार टन फुलं लागतात. त्यात बाटली उघडली, हवा लागली की टी ट्री आणि लॅव्हेंडरमधली रसायनं बदलतात आणि त्वचेला जास्त सोसेनाशी होतात. कपाटात दोन वर्षं पडलेली बाटली ‘संपवून टाकू’ म्हणून चेहऱ्याला लावणं म्हणजे विकतचं दुखणं. खोबरेलात मिसळून लावलं तर धोका कमी होतो, संपत नाही.

युरोपियन युनियनने हे गंभीरपणे घेतलंय. कॉस्मेटिक्सच्या लेबलवर नावानिशी लिहायच्या सुगंधी अ‍ॅलर्जनची यादी तिथे २६ची होती. २०२३च्या नियमाने ती ऐंशीच्या पुढे नेली. लॅव्हेंडर, पेपरमिंट, लवंग, चंदन यांची तेलंही त्यात आहेत. नव्या उत्पादनांसाठी मुदत ३१ जुलै २०२६, आधीपासून बाजारात असलेल्यांसाठी ३१ जुलै २०२८. आपल्याकडे मात्र कितीतरी बाटल्यांवर ‘फ्रेग्रन्स’ एवढ्या एका शब्दावर भागवलं जातं. अ‍ॅलर्जी कशाची हे कळूनही त्याचा उपयोग काय, जर बाटली आत काय आहे ते सांगतच नसेल?

मैत्रिणीचा चेहरा तीन आठवड्यांत निवळला. टी ट्री तिने फेकलं. पण तेच तेल तिच्या शाम्पूतही होतं, फेसवॉशमध्येही, आणि ते शोधायला तिला भिंग लागलं.