काटा नेमके काय मोजतो?

विद्यार्थी मित्रहो, पुस्तकाशी जुळत नाही म्हणून प्रयोगवहीतला एखादा आकडा तुम्ही कधी खोडला आहे का? माझ्या एका विद्यार्थ्याने खोडला होता, आणि त्यात चूक माझी होती.

आमच्या प्रयोगशाळेत १० गिगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या सूक्ष्मतरंगांचा एक प्रयोग असतो. लहरींची शक्ती निम्मी करायची आणि दुसऱ्या टोकाच्या डायोडमधून मिळणारे व्होल्टेज पाहायचे. पुस्तकाप्रमाणे तेही निम्मे व्हायला हवे. या मुलाकडे ते सात दशांशाच्या आसपासच थांबे. "नीट बघून घे," मी म्हणालो. त्याने तीनदा घेतले, आकडा तोच. शेवटी माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने निम्मा आकडा लिहिला, आणि मी सही केली!

घरी गेल्यावर मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी उगमाचीच शक्ती बरीच कमी करून पाहिली. डायोड पुस्तकाप्रमाणे वागू लागला.

असे का व्हावे? या लहरींची लांबी जेमतेम ३ सेंटिमीटर. एकाच मार्गावर दर काही मिलिमीटरला व्होल्टेज वेगळे भरू शकते, म्हणून येथे शक्तीच मोजणे सोयीचे. ती मोजणाऱ्या संवेदकांच्या मुख्य जाती दोन. पहिली उष्णतेवर चालते. थर्मिस्टर तापला की त्याचा रोध घटतो. तो आधीच एकदिश प्रवाहाने तापवून ठेवतात. लहरींनी त्यात उष्णतेची भर घातली की रोध पूर्वीइतकाच राहील अशा बेताने एकदिश शक्ती कमी करतात. जेवढी कमी करावी लागली, तेवढी लहरींची शक्ती. तराजूच्या पारड्यातून वजने काढून घ्यावीत, तसेच हे. मला ही युक्ती फार आवडते. लहरीचा आकार कसाही असो, उष्णतेला त्याच्याशी कर्तव्य नाही. पण ही जात संथ, आणि साधारण एका मायक्रोवॅटच्या खाली तिचे फारसे चालत नाही.

डायोड चपळ. चांगला डायोड-संवेदक मायक्रोवॅटच्या दहा हजाराव्या भागापर्यंत पोचतो. मात्र त्याचे व्होल्टेज शक्तीच्या प्रमाणात राहते ते सुमारे १० मायक्रोवॅटपर्यंतच. त्यापुढे ते हळूहळू शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जाऊ लागते. एक द्वितीयांशाचे वर्गमूळ काढून पाहा: ०.७०७. म्हणजे त्या मुलाचे वाचन अगदी खरे होते!

आजच्या संवेदकांत या वागण्याची दुरुस्ती आतच साठवलेली असते. एकाच कंप्रतेच्या स्थिर लहरीला ती पुरते. पण जवळच्या कंप्रतांच्या दोन सारख्या लहरी एकत्र आल्या, तर खरी सरासरी शक्ती दुप्पट होते आणि शिखराचे व्होल्टेजही दुप्पट. शिखरावर चालणारा डायोड मात्र शक्ती चौपट समजतो. मोबाइलच्या संदेशात तर अशा शेकडो लहरी एकदम असतात. म्हणून त्यासाठी अनेक डायोडांचे संवेदक करतात. प्रत्येक डायोडला त्याच्या मर्यादेत राहील एवढीच शक्ती मिळते.

शिक्षक बंधुभगिनींनो, माझे म्हणणे एवढेच, की प्रयोगवहीत 'साहित्य' या मथळ्याखाली नुसती उपकरणांची नावे नकोत. यातला संवेदक प्रत्यक्ष काय ओळखतो आणि कोठपर्यंत, ही एक ओळ मुलांकडून लिहून घ्या. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना पुस्तकातलेच उत्तर लागते, असे सहकारी म्हणतात. लागत असेल. पण न जुळणाऱ्या आकड्याचे कारण जो शोधतो त्याचे गुण कापायचे आणि जो आकडा जुळवून आणतो त्याला पैकीच्या पैकी द्यायचे, हे मला पटत नाही.

त्या मुलाला मी बोलावून घेतले. पहिला आकडा पेन्सिलीचा होता, खोडलेला असूनही वाचता येत होता. तो त्याने शाईने पुन्हा लिहिला, आणि मी माझी आधीची सही खोडली.