सेकंडहँड स्पोर्ट्‌स कार आणि एक्सेलची अंधश्रद्धा

तर मंडळी, या वीकांताला भांडण काढायचंय ते "दरवर्षी दहा टक्के वजा कर" या सूत्राशी.

जुन्या गाडीची किंमत विचारली की आपल्या क्षेत्रातला कुठलाही हुशार माणूस लॅपटॉप उघडतो. एक्सेलमध्ये नव्या गाडीची किंमत टाकतो, वर्षं टाकतो आणि खाली एक आकडा ओढून आणतो. स्विफ्ट किंवा वॅगन-आर असेल तर चालतं हे. त्या गाड्या सोलापुरात सतत हात बदलत असतात, आकडा चुकला तरी बाजार दुरुस्त करून देतो. पण दोन सीटांची, जमिनीला पोट टेकून बसलेली स्पोर्ट्‌स कार? एमएच-१३ पासिंगच्या अशा किती गाड्या सात रस्त्यावर दिसल्या ते आठवून बघा. सरासरी काढायला आधी संख्या लागते हो!

हे घसाऱ्याचं गणित लोकांच्या डोक्यात बसवलं ते विम्याने. आयडीव्हीचा तक्ता पाहिलाय का कधी? सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षापर्यंत ५०. त्यापुढे? त्यापुढे तक्ताच नाही. कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचं! म्हणजे ज्या तक्त्याच्या जोरावर आपण नऊ वर्षं जुन्या गाडीची किंमत छातीठोकपणे सांगतो, तो स्वतः पाचव्या वर्षी हात वर करतो. शिवाय तो गाडी चोरीला गेली तर किती पैसे द्यायचे यासाठी आहे, विकली तर किती मिळतील यासाठी नाही.

माझा एक मित्र, घर होटगी रोडला, नोकरी पुण्यात. त्याला नऊ वर्षं जुनी इंपोर्टेड दोन सीटर मिळत होती. मालक म्हणाले ३२ लाख, जालावरचं कॅल्क्युलेटर म्हणालं २६, आणि कर्ज देणाऱ्या बँकेने मूल्यांकन केलं १७. गड्याने काय करावं? तिन्हींची सरासरी काढली. २५! च्यायला, हे म्हणजे थर्मामीटर, वजनकाटा आणि घड्याळ यांची सरासरी काढून ताप सांगण्यासारखं झालं. ३२ म्हणजे मालकाच्या आठवणींची किंमत. १७ म्हणजे उद्या हप्ते थकले आणि गाडी ओढून आणावी लागली तर निदान किती सुटतील, त्याचं उत्तर. आणि २६?

२६ ची गोष्ट जरा नीट बघू, कारण आपली जमात फसते ती इथेच. "डेटावरून काढलंय" म्हटलं की आपण नमस्कार करतो. पण हा विदा आहे जाहिरातींतल्या मागणीच्या किमतींचा. सौदा कितीला तुटला हे तिथे कुठेच नसतं. त्याहून वाईट म्हणजे, वाजवी किंमत लावलेली गाडी दोन दिवसांत जाते आणि दोनच दिवस दिसते. अवाच्या सवा किंमत लावलेली आठ महिने पडून राहते आणि आठ महिने दिसते. तुम्ही कुठल्याही दिवशी जालावर गेलात तर तुम्हाला मुख्यतः न विकल्या गेलेल्या गाड्या भेटणार. त्यांच्या सरासरीला "बाजारभाव" म्हणणं म्हणजे लग्न न जमलेल्या मुलांच्या अपेक्षांवरून हुंड्याचा दर काढणं. (हुंडा घेणं गुन्हा आहे. उपमा आहे, चिडू नका :) )

मग आपल्याकडचा लाडका प्रश्न, "किती पळालीय?" ११ हजार किलोमीटर, म्हणजे जणू नवीच! अहो, नऊ वर्षांत ११ हजार पळालेली गाडी म्हणजे सोलापूरच्या ४३-४४ डिग्रीत उभी राहून राहून रबर वाळलेली गाडी. टायरच्या बाजूला डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ दिसलं तर टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही छान दिसू दे, बदलायचाच. बुशं, सील्स, बॅटरी, ब्रेक फ्लुइड, सगळ्यांचं वय होतं. किलोमीटर हा त्यातल्या त्यात सगळ्यात सहज खोटा करता येणारा आकडा, आणि आपण सौदा त्यावरच करतो.

आणि मुळात "नव्या गाडीची किंमत" हा तरी स्थिर आकडा आहे का? सचिनची फेरारी आठवा. २००२ साली मिळालेली ३६० मॉडेना. २००३ मध्ये ड्युटीमाफीवरून रान उठलं, कारण ड्युटीच एक कोटीच्या वर होती. शेवटी ती फियाटने भरली. म्हणजे इंपोर्टेड गाडीच्या किमतीतला मोठा हिस्सा सरकारी धोरण असतो, आणि धोरण बदलतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा सेससकट ४८-५० टक्क्यांचा कर ४० वर आला. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात तिथल्या गाड्यांवरची शंभर टक्क्यांवरची ड्युटी, कोट्याच्या मर्यादेत, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलंय. नवी स्वस्त झाली की जुनी आपोआप पडते. एक्सेलच्या कुठल्या खान्यात हे बसवलंत?

"पण सचिनची फेरारी पुढे विकली गेलीच ना!" गेली की, २०११ मध्ये सुरतच्या एका व्यावसायिकाने घेतली. पण तिथे गाडीबरोबर सचिनही विकत घेतला जातो हो. तुमच्या आरसीवर काय नाव आहे?

बाजाराचा हा आजार नवा नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांवरच निबंध लिहिला आणि २००१ मध्ये नोबेल मिळवलं. विकणाऱ्याला गाडीचे रोग माहीत, घेणाऱ्याला नाहीत, म्हणून घेणारा सगळ्यांनाच रोगी धरून भाव करतो. यावर औषध एकच, तपासणी. आणि सोलापुरात हीच महाग. गाडी ट्रकवर चढवून अडीचशे किलोमीटरवर पुण्याला न्या, तिथे लिफ्टवर घाला, चासी नंबर आरसीशी ताडून बघा. तेवढ्यात विकणारा म्हणतो, "विश्वास नाही का?" नाही काका.

मित्राला मी म्हटलं, आधी विकायचा भाव काढ. मालकांनाच सांग, पुण्यातल्या दोन डीलरांकडून आजच्या आज रोख खरेदीचा भाव घ्या. आले २०.५ आणि २१. तीन वर्षांनी तुला घाईत विकायची वेळ आली तर तू याच दारात उभा असणार, तेव्हा या आकड्यापासून वर मोजायचं, ३२ पासून खाली नाही. त्यात इंपोर्टेड गाडीची पंधरा वर्षांनी नोंदणी वाढवायची फी २०२२ पासून ४० हजार आहे. म्हणजे तुझ्यानंतर घेणाऱ्याच्या डोक्यात तेही असणार. डीलरचं मार्जिन वाचतंय म्हणून थोडं वर जा, बावीस सांग आणि गप्प बस.

त्याने सांगितले. मालक भडकले. "बावीसला देण्यापेक्षा चादर टाकून झाकून ठेवीन!"

ठेवा की. बावीस लाखांवर सात टक्के धरले तरी महिन्याला जवळपास तेरा हजार होतात. सोलापुरी असली तरी जरा महागच पडली चादर.