तुरटी लावून प्रश्न मिटत नाही

दाढी करताना हनुवटीखाली वस्तरा लागतो, रक्ताचा थेंब दिसतो आणि कारागीर सवयीने ओला तुरटीचा खडा त्यावरून फिरवतो. रक्त थांबते. ‘काही नाही साहेब, जरासं लागलंय’ एवढ्यावर विषय संपतो. पार्लरमध्ये वॅक्स जास्त गरम निघाले तर हातावर फोड येतो, स्ट्रेटनिंगच्या मशीनचा मानेला चटका बसतो, केसांना रंग लावल्यावर टाळूची आग होते. तिथेही कोरफडीचा गर, बर्फ आणि दिलगिरीचे दोन शब्द, एवढ्यावर गोष्ट संपते. यातल्या बहुतेक जखमा आठवड्याभरात बऱ्या होतात. म्हणूनच त्यांच्याबाबत हक्काची भाषा काढली की ती अनेकांना अतिरेकी वाटते. मला मात्र वाटते की लहान जखमेतच ग्राहकाचा हक्क सर्वांत सहज बुडतो, कारण तो बुडाला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. हात कोणाचाही चुकू शकतो. पण हात चुकल्यानंतर सलून ग्राहकाला खरे सांगते की नाही, उपचाराची सोय करते की नाही आणि घडल्या गोष्टीची नोंद ठेवते की नाही, हे सर्वस्वी सलूनच्या हातात असते. ग्राहकाने आग्रह धरायचा तो याच तीन गोष्टींचा.

या आग्रहाला कायद्याचा आधार आहे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या जुन्या 1986 च्या कायद्यापेक्षा स्पष्ट केली आहे. ग्राहकाचे नुकसान किंवा इजा करणारा निष्काळजीपणा, मग तो काही केल्यामुळे असो वा करायचे राहून गेल्यामुळे, ही त्रुटी आहेच. पण त्यालाच जोडून आणखी एक गोष्ट कायद्याने त्रुटी ठरवली आहे. ती म्हणजे ग्राहकाच्या उपयोगाची माहिती त्याच्यापासून जाणूनबुजून दडवून ठेवणे. इजेची व्याख्याही शरीर, मन आणि मालमत्ता या तिन्हींना बेकायदेशीरपणे झालेल्या कोणत्याही हानीला सामावून घेते. जखम किती मोठी असावी, किती टाके पडावेत, अशी कोणतीही अट तिथे नाही. म्हणजे ओरखडा उठला की भरपाई, असा याचा अर्थ होत नाही. ग्राहकाने अचानक मान वळवली, मांडीवरचे मूल उसळले, तर कात्री लागण्यात कारागिराचा दोष नसेलही. मात्र त्यानंतर ‘ब्लेड नवीन होते का’ या साध्या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर मिळाले, तर तिथे वेगळी त्रुटी सुरू होते आणि तिच्यासाठी अपघाताची सबब चालत नाही.

ब्लेडचा प्रश्न फुकाचा नाही. वस्तऱ्यात अर्धे मोडलेले ब्लेड अडकवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते मिळते. चांगले कारागीर पाकीट ग्राहकासमोर फोडतात. पण पाते बदलले तरी तुरटीचा खडा तोच राहतो. सकाळपासून ज्यांना ज्यांना लागले, त्यांच्या जखमेवरून तो फिरलेला असतो. हेपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातूनही पसरू शकतो. एखाद्या लहानशा जखमेतून असे होण्याची शक्यता कमी असते, हे मान्य. पण संसर्गाची शंका असेल आणि आधी लस घेतलेली नसेल, तर लस शक्यतो 24 तासांच्या आत घ्यावी लागते. मुलांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोहोचली ती 2011 च्या सुमारास. म्हणजे आज सलूनच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रौढांपैकी अनेकांना ती मिळालेली नसणार. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही तसेच. ते घ्यायचे की नाही, हे त्याच दिवशी ठरवायला हवे. अशा वेळी ‘पाते नवीन नव्हते’ हे खरे उत्तर ग्राहकाला दवाखान्यात नेते, तर ‘काही होत नाही हो’ हे खोटे आश्वासन त्याला घरी पाठवते. खऱ्या उत्तराला पैसा लागत नाही. म्हणूनच ते न देण्याला माफी नसावी.

केसांच्या रंगाबाबत तर माहिती दडवणे हा जणू व्यवसायाचा भागच होऊन बसला आहे. काळ्या आणि गडद तपकिरी रंगांत बहुधा पीपीडी म्हणून ओळखले जाणारे रसायन असते. अनेकांना त्याचा काहीही त्रास होत नाही, काहींना मात्र ॲलर्जी होते: खाज, पुरळ, टाळूला फोड, कधी डोळे मिटण्याइतकी सूज. ही प्रतिक्रिया पुष्कळदा लगेच उमटत नाही, एक-दोन दिवसांनी उमटते. म्हणून रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून 48 तास वाट पाहण्याची चाचणी सांगितलेली असते. अशी चाचणी आधी करावी आणि हा रंग भुवया-पापण्यांना लावू नये, नाहीतर दृष्टी जाऊ शकते, असा इशारा या रसायनाच्या रंगांच्या वेष्टनावर छापणे आपल्या नियमांनी बंधनकारक केले आहे. तोही इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेत. घरी रंग लावणाऱ्याच्या हातात ते खोके असते. सलूनमध्ये मात्र ते आतल्या फडताळात राहते आणि ग्राहकासमोर येते ती वाटी आणि ब्रश. इशारा ज्याच्यासाठी छापला, त्याच्यापर्यंत तो पोहोचतच नाही. वाटेत उभे असते ते सलून. चाचणीसाठी दोन दिवस आधी यायला सांगितले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही भीती खरी आहे. पण ती भीती आहे म्हणून ग्राहकाच्या डोक्यावरचा धोका परस्पर पत्करण्याचा अधिकार सलूनला मिळत नाही. दोन दिवसांनी चेहरा सुजून ग्राहक परत आला, तर निदान कोणता रंग, कोणत्या कंपनीचा, कोणत्या बॅचचा होता हे तरी त्याला सांगायला हवे. त्वचारोगतज्ज्ञाला पुढचा धोका टाळण्यासाठी हीच माहिती लागते. रंग लावण्यापूर्वी खोक्याचा फोटो काढून घेणे हा ग्राहकाने स्वतःपुरता करायचा सोपा उपाय आहे.

आता पुराव्याकडे वळू, कारण हक्क असला तरी तो सिद्ध करता आला पाहिजे. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये 2018 साली सांगितल्यापेक्षा खूप जास्त केस कापल्याचा दावा राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेला. आयोगाने 2021 मध्ये तक्रारदार महिलेला तब्बल दोन कोटी रुपये मंजूर केले आणि देशभर चर्चा झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेत त्रुटी होती या निष्कर्षाला हात लावला नाही, परंतु भरपाईची रक्कम ठोस पुराव्यावर ठरली पाहिजे, नुसत्या मागणीवर नाही, असे सांगत प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. त्या आकड्याचीच चर्चा जास्त झाली. मला त्यातला पुराव्याचा धडा महत्त्वाचा वाटतो. चूक झाली हे मान्य होऊनही नुकसान किती झाले ते दाखवावे लागते. किरकोळ इजेत तर पुरावा आपोआप नाहीसा होतो: फोड सुकतो, सूज उतरते, केस वाढतात. म्हणून त्याच दिवशी काढलेला फोटो, डॉक्टरांच्या कागदावर कारणासह केलेली नोंद, औषधांची बिले आणि मालकाला पाठवलेला एक लेखी संदेश यांना मोल आहे. सलूनचे बिल हा यातला पहिला कागद. सेवेचे बिल न देणे ही 2019 च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच ठरवली आहे. तरी गल्लीतल्या सलूनमध्ये बिल मागणारा माणूस विरळा. फोनवरून पैसे दिल्याचा संदेश काही प्रमाणात उपयोगी पडतो, पण कोणती सेवा घेतली हे त्यातून कळत नाही. मोठ्या साखळी सलूनमध्ये वेगळीच अडचण असते. पाटी एका ब्रँडची आणि दुकान चालवणारा भलताच. तक्रार कोणाविरुद्ध करायची हे बिलावरचे नाव-पत्ता पाहिल्याशिवाय कळत नाही.

एवढे सगळे जमवले तर दाद मागायची वाट फारशी खर्चिक नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. दीडशे रुपयांच्या कटिंगला अर्थातच नाही. ग्राहक राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत, वकिलाशिवायही तक्रार करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पण प्रामाणिकपणे पाहिले तर सातशे रुपयांच्या औषधासाठी तारखांना हजर राहणे बहुतेकांना परवडत नाही आणि त्यांना मी दोष देणार नाही. रोजंदारीवरच्या माणसाचा एक बुडालेला दिवस त्या औषधाइतका असतो. म्हणूनच किरकोळ इजेचा निकाल आयोगापर्यंत जाण्याआधी, सलूनच्या खुर्चीपाशीच लागला पाहिजे. काय घडले ते खरे सांगणे, डॉक्टरकडे जावे लागले तर तो खर्च देणे आणि तारीख, सेवा, वापरलेली वस्तू व इजा यांची नोंद करून तिची प्रत ग्राहकाला देणे. बिघडलेल्या कामाचे पैसे न घेणे हे त्यात गृहीतच आहे. आयोग आहे तो हे नाकारणाऱ्यांसाठी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप गरिबीचा आहे. आपल्याकडची बहुसंख्य सलून दोन-तीन खुर्च्यांची आहेत. नाभिक समाजातील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय सांभाळला, त्यात मान कमी आणि कष्ट जास्त वाट्याला आले, आणि आता वातानुकूलित साखळ्यांशी त्यांची गाठ आहे. त्यांच्यावर नवे ओझे कशाला? शिवाय भरपाई म्हणून दिलेला पैसा शेवटी टक्केवारीवर काम करणाऱ्या पोराच्या हिशेबातूनच कापला जाईल. ही दुसरी भीती मला जास्त टोचते, कारण ती बऱ्याचदा खरी ठरते. पण ग्राहक सेवा घेतो ती दुकानाकडून, पैसेही दुकानालाच देतो. जबाबदारी दुकानाची आहे. मालकाने ती कारागिरावर ढकलली तर तो दुसरा अन्याय झाला, आणि त्याच्या भीतीने पहिला पोटात घालणे हा काही उपाय नव्हे. पगार कापला जाईल या धाकानेच तर कारागीर जखम लपवतो. राहिला लहान दुकानांच्या कुवतीचा प्रश्न. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर 28 जून 2020 पासून राज्यात सलून उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा एकदाच वापरायचे टॉवेल किंवा नॅपकिन आणि प्रत्येक ग्राहकानंतर अवजारांचे निर्जंतुकीकरण अशा अटी होत्या. महिनोन्‌महिने कमाई बुडालेल्या लहान दुकानांनीही त्या पाळायची धडपड केली. त्यापुढे एक नोंदवही, प्रथमोपचाराची पेटी आणि अखंड खड्याऐवजी तुरटीची पूड किंवा कापसावर जंतुनाशक हा खर्च फारच थोडा आहे.

दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. फुकटात काम करून घेण्यासाठी जुना पुरळ दाखवून गोंधळ घालणारे ग्राहकही असतात, हे सलूनचालक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. अशा वेळी नोंद सलूनच्याच बाजूने बोलते. ‘रंगाची ॲलर्जी आहे का विचारले, चाचणी सुचवली, ग्राहकाने नको म्हटले’ ही सहीनिशी ओळ असेल तर पुढची भांडणे निम्म्याने कमी होतील. ग्राहकानेही आपली ॲलर्जी, मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी यांची माहिती आधी द्यायला हवी. ती लपवून नंतर दोष देणे न्यायाचे नाही. मात्र ‘ग्राहकाने स्वतःच्या जबाबदारीवर सेवा घ्यावी’ अशी पाटी लावली की सुटलो, असे कोणत्याही सलूनने समजू नये. भिंतीवरच्या पाटीने संसदेने केलेला कायदा रद्द होत नाही. ॲपवरून घरी ब्युटिशियन पाठवणाऱ्या कंपन्यांनाही ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणून अंग काढून घेता येत नाही. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते.

हे घडवून आणण्यासाठी नवा कायदा लागणार नाही. अनेक गावांत आणि शहरांत दाढी-कटिंगचे दर सलूनचालकांच्या संघटना एकत्र बसून ठरवतात आणि ते दरपत्रक दुकानादुकानांत आरशाशेजारी लागते. त्याच दरपत्रकाच्या खाली संघटनांनी चार ओळी छापाव्यात: पाते तुमच्यासमोर बदलले जाईल, रंगाचे खोके मागितल्यास दाखवले जाईल, इजा झाल्यास नोंद करून प्रत दिली जाईल, उपचाराचा खर्च दुकान देईल आणि तो कारागिराकडून वसूल केला जाणार नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी या मजकुराला हातभार लावावा, आणि पुढच्या वेळी दरवाढ जाहीर करताना संघटनांनी ती या चार ओळींसह करावी. ग्राहक वाढीव दहा रुपये कुरकुर न करता देईल.