दिव्याला पोट कशाला?

दिवाळीची सुटी संपवून आम्ही परतलो तेव्हा अभ्यासिकेतल्या सहाही ट्यूबलाइट काढलेल्या होत्या. त्यांच्या लोखंडी पट्ट्या भिंतीवर तशाच होत्या. प्रत्येक पट्टीखाली दोन तिरके होल्डर ठोकून त्यांत एलईडीचे बल्ब बसवले होते. नवे दिवे, लख्ख उजेड. पहिल्या दिवशी आम्हांला कौतुकच वाटले. दुसऱ्या दिवशी भाषाशास्त्राच्या टिपणांची वही उघडली आणि ध्यानात आले की, माझ्या एका पेनाच्या दोन सावल्या पडत आहेत, आणि त्याही नेमक्या मी लिहीत असलेल्या शब्दावर. वही सरकवली, खुर्ची फिरवली. तर समोरचा बल्ब सरळ डोळ्यांत.

तक्रार घेऊन गेलो. उत्तर मिळाले, “उजेड तेवढाच आहे. आकाराचे काय घेऊन बसलात?”

हे वाक्य काही केल्या मनातून जाईना. उत्तर देणाऱ्यांचा मला राग नाही. त्यांनी खोक्यावरचे आकडे पाहून खरेदी केली, आणि आकडे खोटे नव्हते. पण दिव्याचा आकार म्हणजे नुसती सजावट, हा समज मला साफ चुकीचा वाटतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात नाक खुपसू नये असे आमच्या विज्ञानशाखेच्या मित्रांना वाटत असेल, तर त्यांना एवढेच सांगतो की ‘बल्ब’ हा शब्द मुळात आमच्या प्रांतातला आहे. कांद्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून तो लॅटिनमार्गे इंग्रजीत आला. म्हणजे दिवा पेटतो कसा यावरून नव्हे, तर दिसतो कसा यावरून त्याचे बारसे झाले!

आणि हा कांदा कोणी हौसेने घडवलेला नाही. १८७९ साली एडिसनने कोळशाच्या तारेचा दिवा पेटवला, तेव्हा ती तार जळून जाऊ नये म्हणून काचेतली हवा काढून घ्यावी लागली. आत पोकळी आणि बाहेरून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब. असा दाब गोलाई सहन करते, सपाट काच करत नाही. शिवाय काच फुंकून फुगवायची म्हटले की ती गोल व्हायलाच तयार असते. त्या काळच्या बल्बना डोक्यावर एक काचेचे टोकही असे. हवा ओढून घेण्याची नळी तिथे वितळवून बंद केलेली असायची. पुढे ही नळी बुडाकडे, पितळी टोपीत लपवण्याची सोय झाली आणि टोक गेले.

पोट मात्र राहिले, कारण त्याला आणखी एक काम होते. तापलेल्या तारेचे कण उडून काचेवर बसतात आणि काच काळवंडते. काच तारेच्या अगदी जवळ असेल तर ती तापतेही फार. आजीच्या घरच्या कंदिलाची काच आठवून पाहा. ज्योतीपाशी फुगीर, वर निमुळती. विजेच्या दिव्याने तीच युक्ती आपल्या परीने केली. १९१३ मध्ये अमेरिकेत अर्विंग लँगम्यूर यांनी बल्बमध्ये पोकळीऐवजी निष्क्रिय वायू भरला. टंगस्टनच्या तारेची झीज त्यामुळे कमी झाली. पण तापलेला वायू वर चढतो आणि काजळीसारखे काळे कण आपल्याबरोबर वर नेतो. बल्ब आढ्याला उलटा टांगलेला असेल तर वर काय असते? मान. म्हणून मान लांब ठेवायची. काळे जमायचे ते तिथे जमू दे, खालचा उजेड अडत नाही. उडालेला जुना शंभराचा बल्ब ज्यांनी हातात घेतला असेल, त्यांनी मानेजवळचा तो काळा डाग नक्की पाहिला असेल. मी कितीतरी वेळा पाहिला होता आणि त्याला मळ समजत होतो.

मेणबत्तीच्या ज्योतीसारखे बल्ब झुंबरासाठी, नळीसारखे अरुंद जागेसाठी. त्यांचे फार सांगण्यासारखे नाही. व्यापारातली या आकारांची नावे मात्र मजेशीर आहेत. अमेरिकेत ज्याला ‘ए १९’ म्हणतात, तोच आपल्याकडे ‘ए ६०’. पहिला आकडा पोटाचा व्यास इंचाच्या आठव्या भागांत सांगतो, दुसरा मिलिमीटरमध्ये; बल्ब एकच!

ट्यूबलाइटची कथा वेगळी. १९३८ साली ती बाजारात आली. तिच्यात तापलेली तार उजेड देत नाही. कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेतून वीज जाते, डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात आणि काचेच्या आतल्या पांढऱ्या लेपावर आदळून उजेड होतात. अशा दिव्याला विजेचा प्रवास लांब असावा लागतो, म्हणून तो चार फूट लांब. सी.एफ.एल. म्हणजे ही लांबीच चकलीसारखी वेटोळी केलेली. पण या सक्तीच्या लांबीने एक उपकारही केला. उजेड चार फुटांवरून येऊ लागला. हात मध्ये आला तरी तो थोडाच उजेड अडवतो, बाकीचा बाजूंनी येऊन सावली पुसून टाकतो. लहानशा गोळ्यापुढे हात आला की उजेडच तुटतो. अभ्यासिकेत आमचे जे गेले ते हेच.

मग एलईडीच्या बल्बला पोट कशाला? एक उडालेला बल्ब मी वसतिगृहात उघडून पाहिला. वर प्लास्टिकची टोपी, आत एक सपाट चकती, तिच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळे ठिपके, खाली उष्णता बाहेर टाकणारे धड आणि त्यात विजेची जुळणी. ना तार, ना पोकळी, ना मानेत जमणारे काळे. चकतीवरचा उजेड मुख्यतः समोर जातो. तारेचा बल्ब चहूकडे उजळत होता, म्हणून तिरक्या होल्डरात त्याचे चालून जायचे. हा त्याच कपड्यांतला दुसरा माणूस आहे. तिरका बसवला की समोरच्याच्या डोळ्यांत बघतो.

जुना वेश व्यर्थ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. तिच्यातून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. ते घरोघर बसले ते नव्या दिव्याने जुने पोट आणि जुन्या दोन पिना पत्करल्या म्हणूनच. माझ्या आईने स्टुलावर चढून स्वतः बल्ब बदलला, वायरमन लागला नाही. घराला हे ठीक. स्वयंपाकघरात कोणी तीन तास मान खाली घालून लिहीत नाही.

अभ्यासिकेत लिहितात. रात्री दहापर्यंत तिथे बसणारी बहुतेक मुले-मुली बाहेरगावची आहेत, एका खोलीत चौघे राहणारी. त्यांना दुसरी जागा नाही. तेव्हा माझे म्हणणे एवढेच की, खरेदीच्या कागदावर वॅटच्या रकान्याशेजारी आकाराचाही रकाना असावा, आणि तो भरण्यापूर्वी एखाद्याने त्या दिव्याखाली बसून एक पान लिहून पाहावे. एलईडीच्याही चार फुटी नळ्या मिळतात. वीज वाचतेच, हात आपली सावली टाकत नाही. जुन्या पट्ट्या भिंतीवर आहेत, वायर तिथवर आलेली आहे. वायरमनचे अर्ध्या दिवसाचे काम.

तसा अर्ज मी डिसेंबरात दिला आहे, खाली एकेचाळीस सह्या आहेत. बेचाळिसावी सही माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राची व्हायची होती. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पण हल्ली तो अभ्यासिकेत येत नाही. जेवण झाले की पुस्तके घेऊन एस.टी. स्थानकावर जातो. तिथे फलाटाच्या छताला अजून ट्यूबलाइट आहेत.