दिवसाची वीज, रात्रीची गाडी

वीज किती वापरली याबरोबरच ती कधी वापरली, हेही आता घरगुती बिलात मोजले जाऊ लागले आहे. जुलै २०२५ पासून टीओडी (वापराची वेळ नोंदवणारे) मीटर बसलेल्या घरांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत लागू झाली. सवलत म्हटल्यावर कोणी तक्रार करत नाही. पण नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात ज्यांनी कर्ज काढून छतावर सौर पॅनेल बसवले आणि त्या भरवशावर दारात विजेवरची गाडी आणली, त्यांनी या बदलाकडे सवलतीपलीकडे जाऊन पाहिले पाहिजे. त्यांचा सगळा हिशेब दिवसा तयार केलेली वीज रात्री वापरण्यावर उभा आहे आणि नव्या दररचनेचा रोख नेमका तिथेच आहे.

या रचनेमागचा विचार चुकीचा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. उद्योगांच्या बिलात वेळेनुसार दर जुनेच आहेत. वर्षानुवर्षे त्यांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट मिळे आणि सकाळी ९ ते १२ व संध्याकाळी ६ ते १० या वेळेत जादा आकार पडे. औष्णिक संच रात्री बंद करता येत नाहीत, म्हणून रात्रीची वीज स्वस्त होती. आता दुपारी सौर वीज मुबलक आणि सूर्य मावळला की टंचाई, असे चित्र झाले आहे. त्यामुळे राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२५ च्या दर आदेशांनी स्वस्ताईची वेळ रात्रीवरून दिवसावर आणली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पायाही हाच. बिबट्याच्या धास्तीने रात्री उसाला पाणी देणाऱ्या गोदाकाठच्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, ही मागणी कितीतरी वर्षांची होती. दिवसाच्या विजेला मोल आले याचे स्वागतच आहे.

प्रश्न घराच्या हिशेबाचा आहे. तीन किलोवॉटच्या छतावर दिवसाला साधारण १२ युनिट, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास वीज तयार होते. पीएम सूर्यघर योजनेत अशा संचाला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान आहे. उरलेली रक्कम घरमालकाची किंवा बँकेची. समजा घराचा वापर १८० युनिट आणि महिन्याला हजारभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा १६०. बेरीज ३४०. छतावरच्या युनिटांची महिन्याच्या एकूण वापरातून वजावट होते तोवर या घराला स्थिर आकाराखेरीज फारसे काही भरावे लागत नाही. गाडी दुपारी लावली काय आणि रात्री लावली काय, एकच.

हीच वजावट वेळेच्या कप्प्यांत झाली तर? दिवसाचे सौर युनिट दिवसाच्याच वापरातून वजा होणार आणि रात्रीचा वापर पूर्ण भावाने लागणार. या घराचा दिवसाचा वापर ९० युनिट धरला तर रात्रीचे अडीचशे युनिट बिलात येतील आणि वहन आकार धरून ते बिल दोन हजारांच्या वर जाईल. छतावरचे तेवढेच शिल्लक युनिट वर्षाअखेरीस ग्राहक देतो त्या दराच्या जवळपासही नसलेल्या भावाने जमा होतील. ही कल्पनेतली भीती नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या छतावरील सौर विजेच्या नियमांत टीओडी दर लागू असलेल्या ग्राहकासाठी अशी कप्पेवार वजावट लिहिलेली आहे. २०२५ च्या सुरुवातीला दरप्रस्तावावरून सौर ग्राहकांत खळबळ उडाली ती यामुळेच, आणि घरगुती छतांना झळ बसणार नाही असे खुलासे तेव्हा करावे लागले. पॅनेलची हमी २५ वर्षांची असते. खुलाशाची मुदत किती, हे कोणी सांगितलेले नाही.

केंद्राच्या जून २०२३ च्या नियमांत तर आणखी एक वाक्य आहे. सौर तासांत दर किमान २० टक्के कमी असावा आणि मागणीच्या तासांत घरगुतीसह इतर ग्राहकांना तो किमान १० टक्के जास्त असावा, शेती तेवढी वगळून. महाराष्ट्राने घरांना सवलत दिली, संध्याकाळचा जादा आकार लावला नाही. हे चांगलेच झाले. पण दार नियमात उघडे आहे.

ज्यांच्या छतावर सौर नाही पण दारात गाडी आहे, त्यांची गोष्ट वेगळी. गाडीचे १६० युनिट सगळे दिवसा भरले तरी ८० पैशांच्या हिशेबाने महिन्याला १२८ रुपये वाचतात. उलट गाडीमुळे वापर शंभर युनिटांच्या पुढे गेला की पुढच्या प्रत्येक युनिटाला जवळपास दुप्पट, म्हणजे सुमारे पाच रुपये जास्त मोजावे लागतात. स्लॅबचा हा धक्का वेळेच्या सवलतीच्या सहापट आहे. सरकारला लोकांनी खरोखर दिवसा गाडी भरावी असे वाटत असेल, तर दिवसा भरलेल्या गाडीचे युनिट स्लॅबच्या मोजणीतून वेगळे काढले पाहिजेत. स्मार्ट मीटर अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवू शकते. मग एवढे का जमू नये?

दिवसा गाडी भरणे कोणाला शक्य आहे, हेही पाहावे लागेल. उगाव-शिवडीकडच्या द्राक्षबागायतदाराचा बंगला मळ्यातच असतो. छाटणी, डिपिंग, विरळणीच्या दिवसांत गाडी दुपारभर अंगणात उभी असते आणि पंधरा अँपियरच्या साध्या सॉकेटवर तासाला तीन युनिटांच्या आसपास वीज घेते. त्याला नवे वेळापत्रक सोयीचे आहे. निफाडहून रोज सकाळी नाशिकला नोकरीसाठी जाणाऱ्या शिक्षिकेचे किंवा बँक कर्मचाऱ्याचे काय? त्यांची गाडी ९ ते ५ नाशिकच्या एखाद्या पार्किंगमध्ये उन्हात उभी असते. घरी परतून ती चार्जिंगला लागते ती संध्याकाळी सातला, म्हणजे सर्वांत अडचणीच्या वेळी. त्यात निफाडची थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा घसरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात राज्यभर छापल्या जातात. त्या पहाटे सहाला गिझर लागतो तेव्हा छतावर दव असते, ऊन नसते. या माणसांना वेळ बदलायला सांगणे म्हणजे त्यांच्या हातात नसलेली गोष्ट मागणे आहे.

म्हणून दिवसाच्या स्वस्त विजेचा लाभ गाडी जिथे दिवसा उभी असते तिथे पोहोचला पाहिजे. पिंपळगाव बसवंत आणि लासलगावच्या बाजार समित्यांची आवारे, तहसील, न्यायालय, शाळा-महाविद्यालयांची पार्किंग, नाशिकमधली सरकारी कार्यालये, या सगळ्या ठिकाणी छतावर सौर आणि खांबाला साधे सॉकेट एवढ्यावर काम भागते. महागडी जलद चार्जिंग केंद्रे महामार्गावर हवीत. आठ तास उभ्या राहणाऱ्या गाडीला ती लागत नाहीत. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणाने समृद्धी महामार्गावर विजेच्या गाड्यांना टोलमाफी दिली. त्या उत्साहातला थोडा वाटा तालुक्याच्या गावाला मिळावा.

छतावरच्या विजेचे नियम बदलले की काय होते, याचे कॅलिफोर्नियाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. तिथे एप्रिल २०२३ पासून नव्या सौर ग्राहकांकडून ग्रीडला जाणाऱ्या विजेचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने घटला. नव्या जोडण्या घसरल्या आणि छतासोबत बॅटरी घेणे जवळपास अनिवार्य झाले. ज्यांनी आधी जोडणी घेतली होती त्यांना मात्र जुने नियम २० वर्षे राखून दिले. तिथल्या नियामकाच्या धोरणावर वाद पुष्कळ आहेत, पण हा एक भाग आपल्याकडे जसाच्या तसा घ्यावा असा आहे. आज इथे घरगुती बॅटरीची किंमत मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेर आहे. बॅटरी नसताना दिवसा फिडर बंद पडला तर ग्रीडवरचा सौर इन्व्हर्टरही सुरक्षेसाठी बंद होतो, डोक्यावर रखरखीत ऊन असूनही घरातला पंखा थांबतो आणि त्या वेळेची निर्मिती बुडते ती वेगळीच. डीपी जळाली की वायरमनच्या मागे फिरणाऱ्या वस्तीला ८० पैशांची सवलत कशी पोहोचणार?

आयोगाने एका वाक्याचा स्पष्ट आदेश काढावा: ज्या घरगुती ग्राहकाने महिन्याच्या एकूण वजावटीच्या नियमावर छताची जोडणी घेतली, त्याला तोच नियम कराराच्या अखेरपर्यंत लागू राहील. नव्यांसाठी नियम बदलायचे तर अनुदानाच्या जाहिरातीतच ते सांगावे, कर्जाच्या कागदावर सही होण्याआधी. आणि महावितरणच्या बिलावर दिवसाचे युनिट, रात्रीचे युनिट, सौर जमा आणि मिळालेली सवलत या चार ओळी मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत छापाव्यात. २८ मार्च २०२५ चा दर आदेश निघाला, स्थगित झाला आणि २५ जूनला फेरविचाराचा दुसरा आदेश आला. या तीन महिन्यांत आपल्या छताचे काय झाले हे किती ग्राहकांना बिलावरून कळले? दरप्रस्तावावरच्या हरकती आयोग मराठीतूनही स्वीकारतो. पुढच्या सुनावणीत उद्योगांचे वकील असतीलच. निफाड, पिंपळगाव, ओझर, लासलगावच्या सौर ग्राहकांनीही आपली बारा महिन्यांची बिले जोडून हरकती नोंदवाव्यात.