गाणे कधी सुरू होणार?

एकच स्वर तासभर धरणाऱ्या 'ड्रोन' संगीताची कॅसेट लावली की आपले रसिक हमखास विचारतात, 'गाणे कधी सुरू होणार?' ज्या जवारीसाठी मिरजेचा कारागीर घोडी घासत बसतो, तिला आपण 'साथ' म्हणून गायकाच्या पाठीमागे बसवले. किराणा परंपरेचे पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले. त्यांचे शिष्य ला मॉन्टे यंग यांनी १९८२ मध्ये केवळ तंबोऱ्यांचेच ध्वनिमुद्रण केले. (यंग १९५८ पासूनच दीर्घ स्वरांकडे वळले होते, हे मान्य.) तरीही आमचे समीक्षक याला पाश्चात्त्य थेर म्हणणार! देऊळगाव राजात भजनाआधी एकतारी जुळवली जात असताना जो क्षणभर थबकला, त्याला हे परके वाटेल? परकी असलीच तर कॅसेटची खरखर. आणि तीही, निदान मला, त्या स्वरात मिसळूनच ऐकू येते.