जुने नकाशे आणि नवी मालकी

जुन्या नकाशांचा आणि छापचित्रांचा व्यापार आजचा नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथांची पाने सोडवून, एकेक पान चौकटीत बसवून धनिकांच्या दिवाणखान्यांसाठी विकण्याचा उद्योग फार दिवस चालत आला आहे. आता त्याने नवे रूप घेतले आहे. मूळ कागदाऐवजी त्याची डिजिटल प्रत विकली जाते. एकच प्रत हजार वेळा विकता येते आणि विकणाऱ्याजवळचे काहीच कमी होत नाही. कित्येकदा तर एखाद्या ग्रंथालयाने सर्वांसाठी मोफत खुली केलेली प्रतच उचलून तिला किंमत लावलेली असते. हा हौशी संग्राहकांचा प्रश्न आहे असे समजून त्याकडे पाठ फिरवणे योग्य ठरणार नाही. जे समाजाचे झाले आहे ते पुन्हा खाजगी मालकीत ओढण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याची झळ अखेर गरिबालाच पोचते.

हे नकाशे निर्माण कसे झाले? जेम्स रेनेलचा बंगालचा ॲटलास 1779 पासून प्रसिद्ध होऊ लागला. विल्यम लॅम्बटनने 1802 साली मद्रास येथे आरंभलेली त्रिकोणमितीय मोजणी दक्षिणेतून उत्तरेकडे सरकत गेली. 1823 साली त्याला मृत्यू आला तो आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे. राज्य बळकट करणे, सैन्याच्या वाटा आखणे आणि महसुलाची घडी बसवणे हे कंपनी सरकारच्या नकाशांमागील हेतू होते; त्यांत लोककल्याण शोधण्याचे कारण नाही. परंतु खर्च कोणी सोसला? कंपनीचा खजिना रयतेच्या साऱ्यावर भरत होता. सुमारे अर्धा टन वजनाचे यंत्र उंचावर चढवणारे आणि हिवतापाच्या रानांतून साखळी ओढणारे मजूर याच देशातले होते. नकाशाच्या कोपऱ्यात त्यांची नावे नाहीत.

छापचित्रांची कथा निराळी नाही. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून वेरूळच्या लेण्यांची चोवीस छापचित्रे टॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली 1803 साली इंग्लंडमध्ये निघाली. त्याआधी, 1790 च्या दशकात, पुण्याचा कलावंत गंगाराम चिंतामण तांबट हा पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळची चित्रे काढीत होता. गंगारामची चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. या विद्यापीठाने 2011 साली आपल्या संग्रहांतील कॉपीराइटमुक्त कृतींच्या डिजिटल प्रती विनामूल्य खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 साली सुमारे पावणेचार लाख प्रतिमा कोणत्याही अटीवाचून खुल्या केल्या. त्यामुळे या संस्थांची प्रतिष्ठा उणावली नाही.

कायदाही याच दिशेने बोट दाखवतो. भारताच्या 1957 च्या कायद्याप्रमाणे कलावंताच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी, आणि सरकारी कृती प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षांनी, कॉपीराइट संपतो. रेनेलच्या नकाशावर आज कोणाचाही अधिकार उरलेला नाही. मग त्याच्या स्कॅनवर तो कोठून येतो? जुन्या चित्राची हुबेहूब छायाचित्रित प्रत ही नवी कृती नव्हे, असा निर्णय न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने 1999 साली दिला. केवळ श्रम आणि भांडवल खर्ची पडले म्हणून कॉपीराइट निर्माण होत नाही, किमान सर्जकता असली पाहिजे, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2007 साली न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींविषयीच्या खटल्यात मान्य केले. तरीसुद्धा ‘एकाच व्यक्तीच्या उपयोगासाठी’, ‘पुनर्मुद्रणास मनाई’ अशा अटी विक्रीपत्रात घातल्या जातात. कायदा जी मालकी देत नाही, ती अटींच्या मागल्या दाराने मिळवली जाते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, जीर्ण कागद सांभाळण्यास, यंत्रे आणण्यास आणि कुशल माणसे नेमण्यास पैसा लागतो. हे खरेच आहे. स्कॅन करणे हे श्रमाचे काम आहे आणि त्या श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु मोबदला आणि खंड यांतील फरक शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. एकदा केलेल्या कामाचे दाम एकदा द्यावे. त्याच कामावर पिढ्यान्‌पिढ्या खंड वसूल करणे ही जमीनदारी झाली. सार्वजनिक संस्थांना शुल्क आकारावे लागत असेल, तर तो दोष त्यांचे अनुदान आखडणाऱ्या सरकारांचा आहे.

हा प्रश्न केवळ दिवाणखान्याचा नाही याचा पुरावा रानात सापडतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी दाव्याचा पुरावा म्हणून गॅझेटियर, मोजणी व जमाबंदीचे अहवाल आणि नकाशे यांना मान्यता दिली आहे. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तर तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. जुन्या नकाशात उमटलेला पाडा, पाणवठा वा पायवाट त्यांच्यासाठी शोभेची वस्तू नसून हक्काची साक्ष आहे. दोन फूट रुंदीचा नकाशा इंचाला 300 ठिपके या मानाने स्कॅन केला तर रुंदीत 7200 ठिपके मिळतात आणि बारीक अक्षरांतील गाव वाचता येते. फुकट दाखवली जाणारी प्रत मात्र अनेकदा इतकी लहान असते की नावाच्या जागी नुसता डाग दिसतो. स्पष्ट प्रतीसाठी पैसे मोजा, हा त्याचा अर्थ. ज्यांच्या पूर्वजांच्या साऱ्यावर मोजणी झाली, त्यांनीच आपल्या पाड्याचे नाव वाचण्यासाठी पुन्हा दाम द्यावा काय?

सुरक्षेच्या बाबी वगळता, सार्वजनिक पैशातून तयार झालेली नकाशांची माहिती देशातील व्यक्तींना आणि कंपन्यांना निर्बंधावाचून उपलब्ध व्हावी, असे धोरण केंद्र सरकारने फेब्रुवारी 2021 मध्ये जाहीर केले. उद्योगांसाठी मान्य केलेले हे तत्त्व ग्रामसभेलाही लागू झाले पाहिजे. पुराभिलेखागारांतील आणि भूमी अभिलेख कार्यालयांतील जुने नकाशे पूर्ण आकारात, वाचता येतील असे स्कॅन करून कोणालाही विनामूल्य मिळावेत. छापील प्रतीसाठी फक्त कागदाचा खर्च घ्यावा. आणि स्कॅनचे काम करणाऱ्यांना कंत्राटी अल्पवेतनावर राबवू नये. ही मागणी प्रत्येक जिल्ह्यात लेखी स्वरूपात गेली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी तोवर एवढे तरी करावे. पुस्तिकेसाठी वा दाव्यासाठी जुना नकाशा विकत घेण्यापूर्वी तो स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड रम्झी संग्रहात किंवा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये खुला आहे का, ते पाहावे. कोणी नव्याने स्कॅन करून देत असेल तर त्याच्या मेहनतीचे पैसे बिनतक्रार द्यावेत. मात्र ज्यावर कोणाचीच मालकी नाही, त्याच्या वापराची परवानगी विकत घेऊ नये. आणि हाती आलेली प्रत, पुढे न देण्याची अट पत्करलेली नसेल तर, शेजारच्या गावालाही द्यावी.